ओकावांगोच्या पाण्यात पहिल्यांदा कॅमेरा घेऊन जाताना

नाशिक विषुववृत्ताच्या जितकं उत्तरेला आहे, जवळपास तितकंच माउन हे गाव दक्षिणेला आहे. माउन म्हणजे बोत्स्वाना देशातल्या ओकावांगो डेल्टाचं, म्हणजे ओकावांगो नदीच्या त्रिभुज प्रदेशाचं, दार. आपल्याकडे जून-जुलैत धो धो पाऊस असतो तेव्हा तिथे ऐन हिवाळा असतो. आकाश निरभ्र, हवा कोरडी आणि पहाटे हात खिशातून काढवत नाही अशी थंडी. आणि नेमक्या त्याच दिवसांत, पावसाचा एक थेंब पडत नसताना, डेल्टात पूर येतो.

पहिल्यांदा जाणाऱ्याने कॅमेऱ्याआधी हा पूर समजून घ्यावा. कधी जायचं, कुठे राहायचं, होडी घ्यायची की गाडी, कोणती लेन्स न्यायची, या सगळ्याची उत्तरं त्याच्यात आहेत. ताडोब्याच्या सवयीने मी आधी प्राण्यांची यादी केली आणि मग तारखा ठरवल्या. तिथे पोहोचल्यावर कळलं की क्रम उलटा हवा होता.

पाण्याचं वेळापत्रक

हे पाणी अंगोलाच्या डोंगराळ भागातलं. तिथे जानेवारी-फेब्रुवारीत पडलेला पाऊस कुबांगो आणि कुइटो या नद्यांतून खाली येतो, नामिबियाची एक चिंचोळी पट्टी ओलांडतो आणि मोहेम्बोपाशी बोत्स्वानात शिरतो. पुढे उतार इतका कमी आहे की सुमारे अडीचशे किलोमीटरमध्ये जमीन जेमतेम साठ मीटर उतरते. त्यामुळे पाणी अक्षरशः रांगत येतं. माउनच्या बाजूला त्याचं तोंड दिसायला जून-जुलै उजाडतो. ही ओकावांगो नदी समुद्राला मिळत नाही. कालाहारीच्या वाळूत पसरते आणि ऊन, झाडं नि वाळू मिळून तिला पिऊन टाकतात. 2014 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत हजारावं स्थळ म्हणून या डेल्टाची नोंद झाली.

आता याचा फोटोंशी संबंध. जून ते ऑगस्टमध्ये पाणी भरपूर असतं. त्या दिवसांत मोकोरो, म्हणजे तिथली काठीने ढकलायची निमुळती होडी, आणि मोटरबोट दोन्हींना वाव मिळतो. उजेड स्वच्छ असतो, डास कमी असतात, आणि रानकुत्री पिल्लांसाठी बिळं धरून बसतात त्यामुळे ती सापडण्याची शक्यता वाढते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाणी ओसरायला लागतं. उरलेल्या पाण्याभोवती हत्ती, रानम्हशी, सिंह गोळा होतात आणि किरमिजी वेडे राघू नदीकाठच्या उभ्या मातीत बिळं करतात. पण ऑक्टोबरचं ऊन चाळीस अंशांपर्यंत चढतं आणि हवेत धूळ नि वणव्याचा धूर असतो, त्यामुळे लांबचे फोटो भुरकट येतात. नोव्हेंबर ते मार्च हा तिथला पावसाळा. दर उतरतात, आकाश नाट्यमय होतं आणि स्थलांतरित पक्षी येतात. त्यांत अमूर ससाणाही असतो. नोव्हेंबरच्या सुमारास लोणावळ्याच्या पठारांवरून जाताना आपल्याकडचे पक्षीमित्र ज्याची वाट पाहतात, तोच हा पक्षी. मात्र गवत उंच वाढलेलं असतं आणि रस्ते चिखलाचे होतात.

नवख्याला माझा सल्ला ऑगस्टच्या उत्तरार्धाचा. पाणी अजून टिकून असतं, पहाटेची थंडी जराशी सरलेली असते आणि किरमिजी राघू यायला सुरुवात होते.

जागा कमी, रात्री जास्त

डेल्टा म्हणजे एकच एक जागा नव्हे. पहिल्या खेपेला तीन ठिकाणं डोक्यात ठेवा. उत्तरेला कसाने गावाजवळची चोबे नदी. ती डेल्टाचा भाग नाही, पण बोटीतून हत्तींचे फोटो काढायला तिच्यासारखी जागा नाही. दुसरं मोरेमी अभयारण्य आणि त्याला लागून असलेला ख्वाई नदीचा परिसर. मोरेमी 1963 साली तिथल्या बटावाना लोकांनी स्वतःच्या वडिलोपार्जित जमिनीवर राखून ठेवलं. शिकारीने जनावरं संपत चालली होती, ती वाचावीत म्हणून. तिसरं म्हणजे डेल्टाच्या आतला, चहूबाजूंनी पाणी असलेला एखादा मुक्कामाचा तळ, म्हणजे कॅम्प.

नऊ रात्री असतील तर तिन्हीकडे तीन-तीन द्या. रोज नवा तळ दाखवणारे कार्यक्रम कागदावर भरगच्च दिसतात, पण त्यात रोजची सकाळ बॅगा भरण्यात आणि धावपट्टीवर वाट पाहण्यात जाते. आणि फोटो सकाळीच असतात. एकाच पाणवठ्यावर सलग तीन सकाळी गेलात की कोणता मत्स्यगरुड कोणत्या वाळक्या झाडावर बसतो, ऊन कोणत्या बाजूने येतं, बिबट्याची मादी कुठून उतरते, हे तुम्हालाही कळायला लागतं.

एक गोष्ट पैसे भरण्याआधी नक्की विचारा. मोरेमी आणि चोबे ही सरकारी संरक्षित क्षेत्रं आहेत. तिथे रस्ता सोडून गाडी घालता येत नाही, रात्री फिरता येत नाही आणि अंधार पडण्याआधी तळावर परतावं लागतं. खासगी किंवा गावसंस्थांकडे असलेल्या राखीव भागांत, उदाहरणार्थ ख्वाईत, हे नियम सैल असतात. तिथे गाडी झुडपाच्या पलीकडे उजेडाच्या योग्य बाजूला नेता येते. छायाचित्रकारासाठी हा फरक फार मोठा आहे, त्यामुळे निदान काही रात्री अशा भागात हव्यातच.

आणखी काय विचाराल? गाडीत एका बाकावर किती जण बसणार? एका ओळीत एकच छायाचित्रकार असेल तर उत्तम, दोन चालतील, तीन असतील तर दुसरा आयोजक शोधा. बोटीत फिरती खुर्ची आणि लेन्स अडकवायचा दांडा आहे का? चोबेवर अशा खास फोटोबोटी मिळतात. तुमचा गाईड छायाचित्रकारांबरोबर काम करणारा आहे की सर्वसाधारण पर्यटकांबरोबर? प्राणी दाखवणं आणि प्राण्याच्या पुढच्या हालचालीसाठी गाडी आधीच योग्य जागी उभी करणं ही वेगळी कौशल्यं आहेत. आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांसाठी महत्त्वाचं म्हणजे जेवण. शाकाहारी असाल तर अंडं चालतं की नाही, कांदा-लसूण चालतो की नाही, हे बुकिंग करतानाच लिहून कळवा. तळावर सामान आठवड्यातून मोजक्या वेळा येतं, आयत्या वेळी स्वयंपाकी काही करू शकत नाही.

कागदपत्रं, लस, औषधं

मुंबईहून बहुतेक जण अदिस अबाबा, नैरोबी, दोहा किंवा दुबईमार्गे जोहान्सबर्गला आणि तिथून माउन किंवा कसानेला जातात. बोत्स्वानाचा व्हिसा आधीच काढा. जोहान्सबर्गला विमानतळाबाहेर पडायचं असेल किंवा बॅगा ताब्यात घेऊन पुन्हा द्यायच्या असतील तर दक्षिण आफ्रिकेचाही व्हिसा लागतो. म्हणून तिकीट काढतानाच बॅग थेट शेवटच्या मुक्कामापर्यंत जाईल का, ते विचारून घ्या.

अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जाणार असाल तर पीतज्वराची (यलो फीवरची) लस घेऊन पिवळं पुस्तक, म्हणजे लशीचं प्रमाणपत्र, जवळ ठेवा. ही लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते, वेळ आधी घ्यावी लागते आणि टोचून घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं. शेवटच्या आठवड्यावर हे काम टाकू नका. उत्तर बोत्स्वानात मलेरिया आहे. कोणती प्रतिबंधक गोळी घ्यायची ते डॉक्टरांना विचारा आणि परतल्यावरही ठरलेल्या दिवसांपर्यंत ती चालू ठेवा. विमा घेताना दुर्गम भागातून विमानाने हलवण्याचा खर्च त्यात धरला आहे ना, हे वाचून पाहा. तळापासून रुग्णालयापर्यंत रस्ता असेलच असं नाही.

तिथलं चलन पुला. सेट्स्वाना भाषेत पुला म्हणजे पाऊस. ज्या देशाचा मोठा भाग वाळवंट आहे, त्याने पैशालाच पावसाचं नाव दिलं आहे. दोन शब्द पाठ करून जा, ‘दुमेला रा’ पुरुषाला आणि ‘दुमेला म्मा’ बाईला. तिथे नमस्कार न करता थेट कामाचं बोलणं उद्धटपणाचं वाटतं.

वीस किलोंत काय काय

माउनहून आतल्या तळांवर जाणारी विमानं लहान असतात, आणि बहुधा सगळं सामान मिळून वीस किलोंची मर्यादा असते. कॅमेऱ्याची बॅगही त्यातच. काही ठिकाणी मर्यादा याहून कमी असते. बॅग मऊ हवी, चाकं किंवा कडक चौकट नको, कारण विमानाच्या पोटातल्या छोट्या कप्प्यात ती दाबून बसवतात. घरी वजनकाट्यावर ठेवूनच बघा. कपडे तीन जोड पुरतात, बहुतेक तळांवर धुऊन मिळतात. रंग खाकी, मातकट, फिका हिरवा. पांढरा आणि भडक टाळा.

दोन बॉडी न्या. एकीवर लांब झूम, म्हणजे 100-400, 150-600 किंवा 200-600 यांतली जी असेल ती. दुसरीवर 24-105 किंवा 70-200. कारण धूळ. उघड्या गाडीत लेन्स बदलली की सेन्सरवर ठिपके आलेच, आणि पाण्याच्या पार्श्वभूमीवर ते ठिपके फार स्पष्ट दिसतात. दुसरी बॉडी विकत घ्यायची गरज नाही, भाड्याने मिळते. ट्रायपॉड घरी ठेवा. गाडीसाठी बीनबॅग लागते, पण ती रिकामी न्यायची आणि माउनच्या दुकानात सुके वाटाणे किंवा तांदूळ घेऊन भरायची. यात दोन किलो वाचतात.

बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत, हातातच ठेवा. तळांवर वीज सौरऊर्जेची असते आणि चार्जिंग बरेचदा फक्त जेवणाच्या मंडपात होतं, म्हणून चार बॅटऱ्या आणि एकाच वेळी दोन बॅटऱ्या घेणारा चार्जर असावा. लेन्सवरची धूळ उडवायचा ब्लोअर, एक जुना सुती पंचा आणि पाणी न शिरणारी पिशवी विसरू नका. पंच्याचे उपयोग सांगावेत तितके थोडे. धूळ उडाली की कॅमेऱ्यावर टाका, ऊन लागलं की डोक्याला बांधा, पाणी उडालं की टिपून घ्या. ड्रोन मात्र नेऊ नका, अभयारण्यांत त्याला बंदी आहे.

सराव भिगवणला

हलत्या होडीतून फोटो काढण्याची सवय तिथे जाऊन लावायची ठरवलीत तर पहिले तीन दिवस वाया जातात. आपल्याकडे त्यासाठी उजनी जलाशय आहे. हिवाळ्यात भिगवण-कुंभारगावला जा, सकाळी मच्छीमाराची होडी घ्या आणि रोहित पक्ष्यांच्या मागे न लागता काळ्या-पांढऱ्या खंड्याला, म्हणजे कवड्या धीवराला धरा. चोबेवर दिसतो तो हाच पक्षी, जात एकच. पाण्यावर एका जागी पंख फडफडवत हवेत थांबतो आणि दगडासारखा सरळ खाली येतो. तो थांबलेला असताना 1/2000 सेकंदाचं शटर पुरतं, सूर मारताना 1/3200 लागतं. ऑटो आयएसओ ठेवा, म्हणजे उजेडानुसार संवेदनशीलता कॅमेराच ठरवेल, लेन्सचं छिद्र शक्य तितकं उघडं ठेवा आणि फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणावर घ्या. अंगठा दाबून धरणं आणि तर्जनीने टिपणं ही दोन कामं वेगळी झाली की हात हळूहळू मोकळा होतो. अशा दोन-तीन सकाळी केल्यात तर ओकावांगोत तुम्ही नवखे राहत नाही.

बोटीत

बोटीची मोठी देणगी म्हणजे उंची. गाडीतून आपण जनावराकडे वरून बघतो, बोटीत डोळ्याला डोळा भिडतो. म्हणून बसा, उभे राहू नका. लेन्स जितकी पाण्याजवळ जाईल तितकी मागची झाडी दूर जाते आणि मऊ होते. इंजिन चालू असेल तर लेन्स कठड्यावर टेकवू नका, सगळा थरथराट तिच्यात उतरतो. कोपर अंगाला लावून हातात धरा आणि शटर 1/1000 च्या खाली आणू नका.

मत्स्यगरुडाचं डोकं पांढरंशुभ्र आणि अंग गडद तपकिरी. कॅमेरा अंगाकडे बघून उजेड वाढवतो आणि फोटोत डोकं जळून जातं, म्हणजे तपशील जाऊन नुसतं पांढरं उरतं. एक्स्पोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉपने कमी करा. तो उडणार हे आधी कळतं. पुढे वाकतो, पाय सावरतो आणि बरेचदा शिटतो. ते दिसलं की बोट बटणावरून हलवू नका. काही बोटवाले शीळ घालून त्याला बोलावतात आणि पाण्यात मासा टाकतात, आत लव्हाळा खुपसलेला, म्हणजे तो तरंगतो. गरुड येतो, झडप घालतो, फोटो हमखास मिळतो. माझी विनंती आहे की हे नाकारा. पाण्यावर झडप घेणारा तोच गरुड स्वतःच्या भुकेने आलेला टिपण्यासाठी मी दोन सकाळी थांबलो होतो. तिसऱ्या दिवशी मिळालेल्या त्या फोटोत मासा वेगळा दिसतो, कारण तो जिवंत आहे आणि झगडतो आहे.

पाणघोड्यांबाबत बोटवाल्याचा शब्द अखेरचा. जांभई दिल्यासारखा पाणघोड्याने जबडा उघडला की फोटो छान येतो, पण ती झोप नव्हे, धमकी आहे. त्याने पुन्हा पुन्हा तोंड उघडलं तर तुम्ही फार जवळ आहात. बोटवाल्याला ‘अजून थोडं पुढे’ असं कधीही म्हणू नका. पाहुण्याला नाही म्हणणं त्याला जड जातं, म्हणून ती वेळच आणू नये.

चोबेवर दुपारी चारनंतर हत्ती पाण्यावर येतात आणि काही कळप पोहून सेडुडू बेटावर जातात. तिथे लांब लेन्स बाजूला ठेवा. सोंडेच्या टोकाकडून ओघळणारं पाणी, पिल्लाला दोन्ही बाजूंनी धरून पोहणाऱ्या माद्या, मागून येणारं सोनेरी ऊन, हे सगळं 70-200 मध्ये येतं.

मोकोरोत

मोकोरो पूर्वी एकाच झाडाच्या खोडातून कोरत. आता झाडं वाचावीत म्हणून फायबरचे करतात. दोन जण पुढेमागे बसतात आणि मागे उभा असलेला माणूस लांब काठीने रेटत नेतो. बसायची जागा पाण्यापासून वीतभर वर. इंजिन नाही, त्यामुळे काठी पाण्यात शिरल्याचा आवाज आणि होडीच्या तळाला घासत जाणाऱ्या कमळाच्या देठांची सळसळ, एवढंच ऐकू येतं.

इथे सिंह शोधू नका. मोठी जनावरं दिसली तर लांबून दिसतील, आणि ते चांगलंच. खोल पाणी पाणघोड्यांचं असल्याने मोकोरो उथळ पाण्यातून नेतात. इथे छोटं बघायचं. मोकोरोवाल्याने काठी रोवून होडी थांबवली आणि लव्हाळ्याच्या एका काडीकडे बोट दाखवलं. मला काहीच दिसेना. त्याने पात्याला हात न लावता बोट आणखी जवळ नेलं तेव्हा दिसला, अंगठ्याच्या नखाएवढा बेडूक, अंगावर रंगवल्यासारखे पट्टे, पाय पोटाखाली घट्ट दुमडलेले. असे फोटो 70-200 ने किंवा मॅक्रो लेन्सने काढा, काठी रोवलेली असताना काढा आणि श्वास सोडून मग बटण दाबा.

तिथला कमळपक्षीही असाच निवांत पाहण्यासारखा. त्यांच्यात अंडी उबवणं आणि पिल्लं सांभाळणं हे नराचं काम. कमळाच्या पानांवरून एक नर चालत होता आणि त्याच्या पोटाखालून जास्तीचे चार पाय लोंबत होते. धोक्याची चाहूल लागताच त्याने दोन पिल्लं पंखाखाली घेतली होती. असं काही दिसलं की होडी पुढे नेऊ नका. लांबूनच चार फोटो घ्या आणि त्याला पिल्लं खाली सोडू द्या.

तळावर

बहुतेक तळांना कुंपण नसतं. अंधार पडला की तंबूतून एकट्याने बाहेर पडायचं नाही, न्यायला माणूस येतो. रात्री पाणघोडे चरायला वर येतात आणि तंबूच्या कापडापलीकडे गवत तोडल्याचा आवाज येतो. घाबरू नका, पण टॉर्च मारून बघायलाही जाऊ नका.

रोज दुपारी दोन प्रती करा, एक लॅपटॉपवर किंवा कार्ड थेट उतरवून घेणाऱ्या डिस्कवर, दुसरी वेगळ्या बॅगेतल्या छोट्या डिस्कवर. शक्य असेल तर कार्ड पुसू नका. फोटो निवडण्यात मात्र दुपार घालवू नका. झोपा, पुढची पहाट पाचला सुरू होते. आणि गेंडा दिसला तर त्याचा फोटो जागेच्या नावासकट कुठेही टाकू नका. शिकारी अशा फोटोंवरून माग काढतात, त्यामुळे फोनमधली ठिकाणाची नोंदही बंद ठेवा.

परत येताना रस्त्याने माउनला आलात तर वाटेत पशुवैद्यकीय नाका लागतो. लाळ्या-खुरकुताचा रोग जंगलातून गुरांत जाऊ नये म्हणून तिथे गाडीतलं कच्चं मांस तपासतात आणि बुटांचे तळवे औषधाच्या पाण्यात बुडवायला लावतात. कॅमेऱ्याची बॅग त्या वेळी मांडीवर ठेवा.

डेल्टाच्या आत फोनला रेंज जवळपास नसतेच, माउनला येते. तिथे विमानाची वाट पाहत असताना पहिलं काम हे करा. मोकोरोवाल्याचा, गाईडचा, स्वयंपाकघरातल्या म्माचा जो चांगला फोटो तुमच्याकडे असेल तो त्यांना लगेच पाठवा. नंबर निघतानाच लिहून घेतलेला असावा.